लेप

नेजदारांचा हर्षल आला कसबा बावड्यातून,
जुनी एस्टीम, बोनेट उघडंच,
जणू पेशंटनं दारातच आ केलाय.
मामा, मॅनिफोल्डला सिरॅमिक मारायचंय.
पैसे वसूल होतात का, तेवढं खरं सांगा.

उद्यमनगरात खरं सांगायला वेळ लागतो.
शेजारी लेथ चालू असतं,
आणि नेमक्या मुद्द्याला कुणीतरी ग्राइंडर लावतं.
मी आधी चहा सांगितला.

मग तापमानाची बंदूक काढली.
गाडी दहा मिनिटं चालू ठेवून
उघड्या बिडावर लाल ठिपका धरला : तीनशे नव्वद.
इंगळ्यांची जीप उभी होती, गेल्या महिन्यात लेपलेली.
तिथं दोनशे साठ.
पोराचे डोळे चमकले.
म्हटलं, थांब. एक तर पांढऱ्यावर बंदूकही थोडी फसते.
आणि दुसरं, उरलेले अंश गेले कुठं, ते विचार की.
विरघळले नाहीत ते.
पायपातनं पुढं सरकले,
सायलेन्सरच्या तोंडातनं बाहेर पडून
मागं उभ्या असणाऱ्याच्या पोटरीवर गेले.

माझा बाप वडणग्याच्या गुऱ्हाळावर चुलव्या होता.
हंगामाच्या आधी चुलवाणाला बाहेरनं
माती, शेण, भुसा यांचा गिलावा द्यायचा,
चार बोटं जाड, हातानं थापून.
जाळ काहिलीला मिळाला पाहिजे, म्हणायचा, मला नको.
तरी तोंड उघडंच ठेवावं लागायचं, चिपाड सारायला,
आणि जन्मभर त्याच्या नडग्यांवर केस उगवले नाहीत.
गिलावा फुकट गेला का?
गुळव्या म्हणाला असता, रोजचे दोन भारे वाचले.
बापाला कुणी विचारलं नाही.

तर ऐक.
रंकाळ्याला फेरी आणि कधीतरी गगनबावडा,
एवढ्यासाठी साडेआठ हजार घालू नकोस.
पेट्रोल वाचत नाही. गाडीला जोर आला असं वाटेल,
ते पैसे दिल्यावर सगळ्यांनाच वाटतं.
टर्बो असेल, ट्रॅकवर उतरणार असशील,
वायरी खेटून गेल्या असतील, स्टार्टर भाजत असेल,
तर घाल, डोळे झाकून घाल.
पण गंजावरच मारून देतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नकोस.
आधी वाळूचा मारा, मग लेप, मग भट्टी.
घाई केली की पापडासारखा फुगतो,
आणि पुढच्या उन्हाळ्यात बोनेटखाली
पोपडे वेचत बसतोस.
तुझं दुखणं वेगळंच आहे.
पंख्याचा रिले गेलाय.
दोनशे ऐंशी रुपये.

रिले बसवला. काटा खाली आला. पोरगं गेलं.

गुरुवारी परत दारात,
मॅनिफोल्ड उतरवून पोत्यात गुंडाळलेलं,
लेकरासारखं दोन्ही हातांवर.
मामा, तुमचं सगळं पटलं.
पांढराच मारा.

काय बोलणार? मीही विशीत
जावाच्या टाकीवर सोनेरी पट्टा मारून घेतला होता,
पगार व्हायच्या आधी.

वाळू मारली. बीड उघडं पडलं, राखाडी, लाजल्यासारखं.
दोन हात दिले, पातळ, तिसऱ्याचा मोह आवरला.
रात्रभर भट्टीत.

दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं तेव्हा
भरमू शेजारी उभा होता, बनियन पाठीला चिकटलेला.
एप्रिलची दुपार, डोक्यावरचा पत्रा
तापून टिकटिक वाजत होता.
त्यानं पांढऱ्या बिडावरनं बोट फिरवलं, हळू,
मग म्हणाला,
मालक, हे पत्र्याला लावता येतं का हो?

मी हसलो.
मग मान वर केली.
बावीस गुणिले चाळीस, मनातल्या मनात.
लिटरचा भाव लावला.
भरमू वाट बघत होता.

मी दोन चहा सांगितले.